दुसरी तडतड

उस्ताद, दौंडहून परत येऊन आज अकरा दिवस झाले. रोज शाळा सुटल्यावर कागद पुढे घेऊन बसतो आणि तुमच्याविषयी चार चांगल्या ओळी लिहायच्या ठरवतो. दोन ओळी होतात आणि हात थांबतो. मनात राग आहे. तो बाजूला ठेवून लिहिलं की लिहिलेलं खोटं वाटतं. घाईनं भाजलेला दाणा वरून कितीही तांबूस दिसला तरी फोडल्यावर आत हिरवाच निघतो, हे तुम्हीच मला दाखवलं होतं. म्हणून आज राग धरूनच लिहितो आहे. तुम्ही ऐकून घ्या.

तुमची नोकरी किती वर्षांची, शेवटचा आजार कोणता, हे सगळं तुम्ही गेल्याचं कळवणाऱ्या, कॉलनीतल्या सोपानरावांच्या कार्डात होतं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला भट्टीबद्दल बोलायचं आहे.

दौंडच्या हायस्कुलात मी नवा मास्तर म्हणून लागलो तेव्हा रेल्वे कॉलनीच्या मागच्या अंगाला खोली घेतली होती. वडील शिरूरच्या आडतीवर पोती शिवायचे. आमच्या घरात शाळा ओलांडून पुढे गेलेला मी पहिलाच. खोलीत एक पत्र्याची पेटी, एक कंदील आणि गुळाच्या चहाची सवय एवढंच घेऊन आलो होतो. पहिल्याच रविवारी सकाळी खिडकीतून धूर आत आला. वास ओळखीचा होता आणि नव्हताही. भाकरीचा पापुद्रा करपावा आणि शेजारी कुणी शेंगदाणे भाजत असावं, तसा काहीसा. बाहेर येऊन पाहतो तर तुम्ही अंगणात उकिडवे बसून गोडेतेलाचा एक गोल डबा शेगडीवर फिरवत होता. डब्यातून आरपार लोखंडी सळई, सळईच्या टोकाला लाकडी मूठ. तुमचे डोळे मिटलेले. समोर तुमच्या घरच्या, म्हणजे चाची, सूप घेऊन उभ्या.

"काय भाजताय?" मी विचारलं.

तुम्ही डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलंत. मी तसाच उभा राहिलो. थोड्या वेळानं तुम्ही एकदम "बस्स" म्हणालात, डबा उचलून सुपात पालथा केलात आणि चाची भराभर पाखडायला लागल्या. फोलपटं उडून माझ्या सदऱ्यावर बसली.

"आता बोला," तुम्ही म्हणालात. "भट्टी चालू असताना बोलत न्हाईत. नवे मास्तर ना तुम्ही? कॉफी घेता?"

"मी चहा घेतो."

"चहा काय, पॅसेंजर गाडी. सगळ्या ठेसनावर थांबती. बसा."

कॉलनीत तुम्हाला सगळे हातोडीवाले हसनभाई म्हणायचे. गाडी फलाटाला लागली की तुम्ही लांब दांड्याची हातोडी घेऊन रुळाकडेनं चालत जायचा आणि प्रत्येक चाकावर एक टोला द्यायचा. धड चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं मुकं वाजतं. हे तुम्ही मला एकदा फलाटावर शेजारी उभं करून ऐकवलं होतं. मला सगळी चाकं सारखीच वाजली.

"बी.ए.ला हे न्हवतं वाटतं," तुम्ही म्हणालात. मला राग आला नाही. उलट आनंद झाला. बी.ए. झाल्यापासून घरीदारी जो तो मला विचारून काहीतरी ठरवायचा. अजून मला न येणारं काही आहे आणि ते शिकवणारं कुणी शेजारी राहतं, याचा फार आधार वाटला. त्या दिवसापासून मी तुम्हाला उस्ताद म्हणायला लागलो.

कच्चे दाणे चिकमगळूरकडून यायचे. रायचूरच्या पलीकडचा कुणी गार्ड ते मेलवरच्या पुढच्या गार्डाकडे द्यायचा, तो त्याच्या पुढच्याकडे, असे हातोहात तुमच्यापर्यंत. पोतडी उघडली की ओल्या हरभऱ्याच्या घाट्यांसारखा वास. रविवारी सकाळी आपण दोघं ओट्यावर बसून ते निवडायचो. किडका, फुटका, काळा दाणा बाजूला. तुमचे हात तेलकट काळे आणि माझे खडूनं पांढरे, आणि मधे तो हिरवट ढीग.

आणि ती किटली. एक गोरा ड्रायव्हर नोकरी सोडून ऑस्ट्रेलियाला गेला, जाताना तुम्हाला देऊन गेला. ॲल्युमिनियमची, अष्टकोनी. खाली पाणी, मधे चाळणीत दाबलेली पूड, आणि पाणी तापलं की वाफेच्या जोरानं कॉफी वरच्या भांड्यात चढून येणारी. तिचं मधलं रबर कधीच गेलं होतं. तुम्ही गाडीच्या ब्रेकच्या टाकाऊ नळीचं रबर कापून तसंच कडं केलंत, आठ दिवस पाण्यात उकळून त्याचा वास घालवलात. किटलीसोबत इंग्रजी कागद होता, तो मी तुम्हाला वाचून दाखवला. "याला एस्प्रेसो म्हणतात, उस्ताद."

"इटलीत म्हणत असतील. दौंडात एक्सप्रेसच म्हणायचं. जंक्शनला आलीया ती."

पहिला घोट मला औषधी काढ्यासारखा लागला होता. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता. मी "छान आहे" म्हणालो, तर तुम्ही कप काढून घेतलात. "खोटं बोलून प्यायची न्हाई. कडू लागली तर कडू म्हणा. पुढच्या रविवारी या."

हे वाक्य लक्षात ठेवा, उस्ताद. मी ठेवलं आहे.

मग मी येत राहिलो. तुम्ही शिकवत राहिलात. डोळ्यानं भाजणारा फसतो, कारण धुरात रंग दिसत नाही. नाकानं भाजणारा उशिरा जागा होतो. कॉफी कानानं भाजायची. पहिली तडतड जोंधळ्याच्या लाह्यांसारखी मोठी, "ती बहिऱ्यालाबी कळती," तुम्ही म्हणायचा. मग दाणा गप्प होतो. मग दुसरी तडतड. ती अगदी बारीक, चिंचेची वाळकी पानं मुठीत चुरावीत तशी. तिचे पहिले दोन-तीन आवाज आले की डबा उतरला पाहिजे. दहा आकडे मोजत बसलं की कोळसा.

यावरून आपलं कधी पटलं नाही. मला पहिली तडतड संपता संपता उतरवलेली कॉफी आवडायची, करवंदासारखी जराशी आंबट. तुम्ही म्हणायचा, "एक ठेसन आधीच पाटसला उतरून दौंड बघितलं म्हणणारी जात हाय तुमची, मास्तर." मी म्हणायचो की पाटसही गावच आहे, तिथंही माणसं राहतात. हा वाद सात वर्षं चालला. तो मिटवायला आता कुणी उरलं नाही. अजूनही माझंच बरोबर आहे असं मला वाटतं.

आणि एक नियम. भट्टीवर एकच शब्द, आणि तो एकदाच. जो ऐकत असेल त्यानं "बस्स" म्हणायचं, ते पुन्हा म्हणायचं नाही. "दोनदा बोलला तो घाबरला," तुम्ही म्हणायचा. "हातोडीचा टोलाबी एकच असतो. दुसरा मारला म्हंजी पहिल्यावर भरवसा न्हवता."

तीन वर्षं मी नुसता बसून ऐकत होतो. मग एका रविवारी मूठ हातात घेता घेता तुम्ही म्हणालात, "आजपासून कान तुमचा. मी फिरवतो, तुम्ही सांगा."

पदवी मिळाली तेव्हा मी एका मोठ्या मांडवात शेकडो मुलांत बसलो होतो, माझं नाव कुणी नीट उच्चारलंसुद्धा नव्हतं. त्या सकाळी तुमच्या अंगणात मात्र ज्यानं माझी तीन वर्षं परीक्षा घेतली तो माणूस मला पास म्हणत होता. मी डोळे मिटले. पहिली तडतड झाली, दाणे गप्प झाले, आणि मग ती वाळक्या पानांची चुरचुर आली. "बस्स," मी म्हणालो. तुम्ही डबा उचललात. दाणे पाहिलेत, एक दाताखाली फोडलात आणि मान डोलावलीत.

त्या सुट्टीत शिरूरला गेलो तेव्हा वडिलांना सांगितलं, उस्तादांनी मला कान दिला. त्यांना यातलं काहीही समजलं नाही. पण आईला म्हणाले, शेजारी गूळ वाट.

त्याच सुमारास तुम्ही हातोडी सोडून भांडार विभागात बसायला लागलात. गुडघा धरतो म्हणालात. मी तुमच्यासाठी यवतहून मालिशचं तेल आणलं. तुम्ही ते घेतलंत. पुढची चार वर्षं दर रविवारी मी ऐकायचो, तुम्ही फिरवायचा, चाची पाखडायच्या. मधे मधे मी विचारायचो, "गुडघा कसा आहे?" तुम्ही म्हणायचा, "चाललंय."

आता तुमच्या निरोपाच्या दिवसाकडे येतो.

तुम्ही निवृत्त होणार होता आणि तुमचा हट्ट होता की त्या दिवशी कॉलनीला चहा नाही, कॉफी पाजायची. त्यासाठी आपण दोघांनी वर्षभर गोल दाणे बाजूला काढले होते. कॉफीच्या फळात दोन चपटे दाणे असतात, पण एखाद्या फळात एकच गोल दाणा निघतो. पोतडीत मूठभर सापडायचे. वर्षभर निवडून एक मोठा डबा भरला होता. तसे दाणे पुन्हा जमायला आणखी एक वर्ष लागलं असतं.

अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. कॉलनीतली माणसं, भांडारातली, यार्डातली, सगळी बसली होती. पॉइंट्समन सोपानराव सगळ्यांना गप्प बसवत होते. "गप रे, भट्टी लागलीया." तुम्ही मूठ धरलीत, चाची सूप घेऊन समोर उभ्या राहिल्या, मी शेगडीजवळ बसून डोळे मिटले. पहिली तडतड झाली. दाणे गप्प झाले. दुसऱ्या तडतडीचा पहिला आवाज आला, मग दुसरा. मी म्हणालो, "बस्स."

डबा फिरतच राहिला. मी डोळे उघडले. त्याच वेळी फाटकातून कुणी साहेब आत येत होते आणि तुम्ही मान वळवून त्यांच्याकडे बघत हसत होता. चाचींनी सूप वर उचललं होतं. ते तसंच अधांतरी राहिलं, मग खाली आलं. मी पुन्हा बोललो नाही. दोनदा बोलायचं नसतं. मला वाटलं, उस्ताद मुद्दाम थांबले आहेत. आज एवढी माणसं आहेत, काही वेगळी भाजणी करून दाखवायची असेल. तुमच्या हातावर माझा माझ्या कानापेक्षा जास्त भरवसा होता, उस्ताद. सगळा घात त्या भरवशानं झाला.

निळा धूर निघाला तेव्हा तुम्ही वळलात. डबा सुपात पालथा केलात. वर्षभराचे गोल दाणे काळे कुळकुळीत, तेलानं चकाकणारे, सुपाला चिकटत होते.

तुम्ही दाण्यांकडे बघितलंत, चाचींकडे बघितलंत, मग माझ्याकडे. आणि लोकांकडे तोंड करून म्हणालात, "मास्तरांचा कान चुकला. पुस्तकाचा कान हाय, एवढ्या गर्दीत कसा चालायचा."

एक-दोघं हसले. बाकी कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी खाली बघितलं. मला वाटलं, ते माझी लाज राखत आहेत. चाची आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं. मी तो चहा घेतला, तुम्हाला हार घालताना टाळ्या वाजवल्या आणि खोलीवर आलो.

मला खात्री होती की मी वेळेवर बोललो होतो. पण दुसऱ्या दिवशी ती कमी झाली. आठवड्यानं आणखी कमी झाली. मी चुकलो असं तुम्ही म्हणालात म्हणजे चुकलोच असणार. मी अशा घरातून आलो आहे, उस्ताद, जिथं शिकलेल्या माणसानं सांगितलेलं कुणी तपासून बघत नाही. माझ्यासाठी तुम्ही शिकलेले होता. महिन्याभरात मला असं वाटायला लागलं की मी तो शब्द उशिरा बोललो. पुढे तर वाटायला लागलं की मी बोललोच नव्हतो.

वर्ष संपताना आईवडील थकले म्हणून शिरूरच्या शाळेत अर्ज केला. ते खरंही होतं. पण रविवारी तुमच्या अंगणातून धूर आला की मी खिडकी लावून घ्यायचो, हे त्याहून खरं होतं. शिरूरला आल्यावर मी एकदाही दाणे भाजले नाहीत. कुठल्याच आवाजावर माझा भरवसा राहिला नव्हता. वर्गात दोन मुलांपैकी खोटं कोण बोलतंय हे आवाजावरून ओळखायची माझी सवय होती. तीही गेली.

तुम्ही एकदा शिरूरला आलात. न कळवता, एस.टी.नं, हातात कच्च्या दाण्यांची पुडी. त्या दिवशी घरात मी एकटाच होतो. तुम्ही म्हातारे दिसत होता. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. तुम्ही न्हावऱ्याच्या रस्त्याबद्दल बोललात, वाटेतल्या बाजरीबद्दल बोललात. मी चहा करायला स्टोव्ह पेटवला. कॉफी करता आली असती, पुडी समोरच होती. मी चहाच टाकला. तेवढाच सूड मला सुचला.

स्टोव्हला पंप मारताना माझी पाठ तुमच्याकडे होती. तोंडावर बघून विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून पाठमोऱ्यानंच विचारलं. "उस्ताद, त्या दिवशी माझं खरंच चुकलं होतं का?"

स्टोव्ह घरघरत होता. तुम्ही काही बोलला नाहीत. मी वाट बघितली. त्या दिवसाला दोन वर्षं झाली होती, आणि मला दुसरं काही विचारायचं नव्हतं. बऱ्याच वेळानं तुम्ही म्हणालात, "शिरूरचं पाणी गोड हाय, मास्तर."

मला उत्तर मिळालं. चुकलो होतो, आणि उस्तादांना पुन्हा तोंडावर तसं म्हणायचं नव्हतं. मी चहा दिला. तुम्ही तो बशीत ओतून प्यायलात आणि दुपारच्या गाडीनं गेलात. मी स्टँडपर्यंत सोडायला आलो नाही.

सोपानरावांचं कार्ड आलं ते तुम्हाला माती दिल्यावर तीन दिवसांनी. मी लगेच निघालो. चाची इद्दतीत होत्या. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर यायचं नाही. ज्या चाचींनी सात वर्षं माझ्यासमोर सूप पाखडलं, त्या पडद्याआड बसल्या होत्या आणि मी सोपानरावांबरोबर बाहेरच्या खोलीत. मला फक्त त्यांचा आवाज येत होता.

"बरं झालं आलात मास्तर," चाची म्हणाल्या. "शेवटी शेवटी फार आठवण काढायचे. पण बोलणं कठीण झालं होतं. मी पाटीवर चित्र काढून दाखवायची, पाणी, भाकर."

"का? पाटीवर का?"

"ऐकू कुठं येत होतं त्यांना," चाची म्हणाल्या.

मी म्हणालो, "आजारपणात गेलं का?"

सोपानरावांनी माझ्याकडे बघितलं. मग पडद्याकडे. मग पायातली चप्पल अंगठ्यानं सरळ करत म्हणाले, "मास्तर, आसं काय करताय. लई दिस झालं त्याला. हातोडी कशापायी सोडली मग?"

"गुडघा..."

"गुडघा कशाचा. मानूस कुरकुंभपातूर चालत जायचा की."

मग चाचींनी सांगितलं. एका डब्याच्या चाकाचा तडा तुम्हाला कळला नाही, मागून आलेल्या साथीदाराला कळला. कुणाला काही झालं नाही. पण दुसऱ्याच दिवशी तुम्ही स्वतःहून रेल्वेच्या डॉक्टरकडे गेलात. बारीक आवाज आधी जातात, मोठे मागून, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही त्याच दिवशी हातोडी जमा केलीत. पुढच्या रविवारी मला म्हणालात, "आजपासून कान तुमचा."

माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी पदवी तुम्हाला ऐकू येत नव्हतं म्हणून मला मिळाली होती.

"पण मी बस्स म्हणायचो ते?" मी विचारलं.

"समोर तोंडाकडे बघितलं तर बोललेलं कळायचं तेव्हा, पण भट्टीवर ते माझ्या सुपाकडे बघायचे," चाची म्हणाल्या. "तुम्ही बोललात की मी सूप उचलायची. त्या दिवशी साहेब आले आन् त्यांची नजर हलली."

"म्हणजे त्या दिवशी मी..."

"तुम्ही बरोबर बोललात, मास्तर. मी ऐकलं होतं."

मी सोपानरावांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"समद्या कालनीला ठावं होतं." ते चपलेकडेच बघत होते. "आमी समदे तवा तिथंच की. पर हसनभाईचा निरोपाचा दिस. कोन बोलनार?"

त्या अंगणात चाळीस माणसं खाली बघत बसली होती, उस्ताद. ती माझी लाज राखत नव्हती. ती तुमची राखत होती, आणि त्यासाठी माझी तिथं टाकून दिली होती. त्यांचा मला फार राग नाही. त्यांना तुमचा लोभ होता. पण तुम्ही डॉक्टरला खरं सांगितलंत. साहेबाला खरं सांगितलंत, पगाराची, हुद्द्याची पर्वा न करता. शेजाऱ्यांना सांगितलंत. अख्ख्या दौंडात तुम्ही एकाच माणसाशी खोटं बोललात, आणि तो तुमच्या गुडघ्याची चौकशी करत होता.

मी चाचींना तेच विचारलं. मलाच का नाही?

"मीबी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तर म्हणाले, बाकीच्यांच्या लेखी मी हातोडीवाला होतो. हातोडी गेली, संपलं. मास्तरांच्या लेखी माझा कान अजून शाबूत हाय. एका जागी तरी राहू दे."

हे ऐकून मला रडू आलं, आणि रडताना राग गेला नाही. दोन्ही एकदम होतं हे मला माहीत नव्हतं. तुमचा कान माझ्यापाशी शाबूत राहावा म्हणून तुम्ही माझा मोडलात. मी तुम्हाला कमी मानलं असतं असं का वाटलं तुम्हाला? मी दर रविवारी तुमच्यासाठी ऐकलं असतं. उस्तादासाठी ऐकतो आहे, हे कळून ऐकलं असतं. ती चार वर्षं आपली दोघांची झाली असती. आता ती कुणाची होती तेच मला कळत नाही.

सोपानराव पाणी आणायला उठून गेले. पडदा जरा हलला.

"मास्तर, एक सांगू?" चाची हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्याकडे शिरूरला आले होते ना, ते सांगायलाच आले होते. सकाळी निघताना म्हणाले, आज मास्तरांना सगळं सांगून टाकतो. संध्याकाळी परत आले आन् टोपी खुंटीला लावून बसून राहिले. मी खुणेनं विचारलं, सांगितलंत? तर म्हणाले, मास्तरांनी त्या दिवसाचा विषयच काढला न्हाई. एका शब्दानं विचारलं असतं तरी सांगणार होतो. त्यांच्या मनातून गेलं असंल, उगाच कशाला उकरायचं."

मी पडद्याच्या जवळ सरकलो.

"शेवटपर्यंत तेच म्हणायचे. विचारलं असतं तर सांगितलं असतं." चाची म्हणाल्या. "का हो विचारलं न्हाई, मास्तर?"

खरं सांगायला माझं तोंड उघडलं होतं. सांगितलं असतं तर उरलेली वर्षं त्या बाईनं तो स्टोव्ह, माझी पाठ आणि तुमचं गप्प बसणं डोळ्यांपुढे आणत काढली असती.

"राहून गेलं, चाची," मी म्हणालो.

त्यांनी पलीकडे सुस्कारा सोडला. "जाऊ द्या. तुमचा काय दोष."

इतक्या सहज जमलं मला ते. आवाजही हलला नाही. तुम्हाला गुडघा म्हणताना असंच सोपं गेलं असेल का, हा विचार एस.टी.त बसल्यावर आला. त्यानं राग थोडा कमी झाला असेल, पण गेलेला नाही, आणि तो जावा म्हणून मी हे लिहीतही नाही. चाचींना वाचता येत नाही. सोपानरावांना मी बजावणार आहे की हा कागद कधी हाती पडला तर त्यांना वाचून दाखवू नका. त्या मला विसराळू समजतील, ते चालेल.

पण तुमच्याशी मी खोटं बोलणार नाही. मी विचारलं होतं, उस्ताद. तुमच्याकडे पाठ करून, पण विचारलं होतं.